कोरीटचे बालिस्टर

मे महिन्यात, खानदेशच्या उन्हात, लोकरीचा कोट घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तपकिरी, जाड, कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेला कोट. कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली चहाच्या टपरीच्या बाकावर हे गृहस्थ बसलेले, कपाळावरून घाम ओघळतोय, आणि भोवती पाच-सहा खेडूत हातात कागद धरून उभे. मी नव्यानं बदलून आलेला कारकून. मूळचा वाईचा, अक्षर मोत्यासारखं, आणि डोक्यात हवा. मला वाटलं, असेल कोणी चक्रम.

टपरीवाल्यानं मात्र छाती फुगवून सांगितलं, "भाऊसाहेब, ह्या आमना कोरीटना बालिस्टर शेतस. इलायतले शिकेल शेतस."

विलायतेत शिकलेला बॅरिस्टर तालुक्याच्या कोर्टाबाहेर टपरीवर बसून फुकट अर्ज वाचून दाखवतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी कोर्टात जाऊन विचारलं. वकील मंडळी एकमेकांकडे बघून हसली. त्यातले एक म्हणाले, "हो हो, बॅरिस्टरच. फक्त कोर्टात यायला परवानगी नाही एवढंच." त्या हसण्यात मीही सामील झालो, हे इथंच सांगून टाकतो.

नरोत्तमभाई हे त्यांचं नाव. कोरीटच्या गुजर शेतकऱ्याचा एकुलता मुलगा. घरी कापूस, केळी, विहीर, चार बैल. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि त्या भागातल्या लोकांना आपलाही एक मुलगा शिकून कोर्टात उभा राहावा असं फार वाटत होतं, कारण कोर्टात त्यांच्या वतीनं नेहमी दुसरंच कोणीतरी बोलत असे. म्हणून नरोत्तमभाईंना बॅरिस्टर व्हायला धाडलं. सगळं गाव त्यांना नंदुरबारच्या स्टेशनावर पोचवायला आलं होतं. आईनं मात्र घरातच, देवासमोर, हातात पाणी देऊन एक शपथ घालून घेतली होती. ज्या पंगतीत मांस वाढतात त्या पंगतीला बसायचं नाही. नुसतं खायचं नाही असं नव्हे, बसायचंच नाही.

त्या शपथेनं या माणसाचं जे झालं ते दुसऱ्या कोणाचं झालं नसतं. बॅरिस्टर व्हायचं तर लंडनमध्ये वकिलांच्या ज्या जुन्या संस्था आहेत, तिथं ठरलेल्या संख्येनं जेवणं जेवावी लागतात. परीक्षा वेगळी, जेवणं वेगळी. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंना काळे झगे घातलेली माणसं, आणि मधोमध भाजलेलं मटण. नरोत्तमभाई पहिल्या दिवशी त्या दिवाणखान्याच्या दारापर्यंत गेले. तिथल्या एका सज्जन मदतनिसानं सांगितलं, तुम्हाला नुसते उकडलेले बटाटे देतील, असे पुष्कळ हिंदी विद्यार्थी जेवतात.

"मग बसायचं की!" मी त्यांना म्हणालो होतो.

ते थोडा वेळ थांबले. ते नेहमीच थांबत. समोरच्याचं बोलणं संपलं तरी आणखी काही यायचं बाकी आहे की काय, अशी वाट बघत. मग म्हणाले, "भाजी वेगळी मिळाली असती, भाऊसाहेब. पण पंगत तीच ना."

ते दारातूनच परतले. कोणीतरी सांगितलं की उत्तरेला समुद्रकाठी एका लहान गावात लहानसं विद्यापीठ आहे, तिथंही कायदा शिकवतात, तिथं जेवणाची अट नाही, नुसती पुस्तकं आणि परीक्षा. कायदा तो कायदा, असा विचार करून ते तिकडं गेले. त्या पदवीनं हिंदुस्थानात वकिलीची सनद मिळत नाही हे सांगायला तिथं कोणी नव्हतं, आणि इथं कोणाला माहीत नव्हतं. कोरीटच्या लोकांच्या मते विलायतेत कायदा शिकला तो बॅरिस्टर. यात त्यांची चूक काय म्हणायची?

त्या गावाबद्दल ते क्वचित बोलत. वारा इतका की छत्री उघडायची सोय नाही. एका विधवेच्या घरी माडीवर खोली, खाली तिचं कोळशाचं दुकान. तीन वर्षं बटाटे, पाव आणि दूध. कायद्याच्या वर्गात तीस-बत्तीस मुलं आणि त्यांत परदेशी दोघं, हे आणि आफ्रिकेतला एक. तो आफ्रिकेतला पहिल्या हिवाळ्यातच आजारी पडून परत गेला. उरले हे एकटे. कोट विद्यापीठातल्या नोंदणी कारकुनानं दिलेला, त्याच्या वारलेल्या भावाचा.

तिथं दर पंधरा दिवसांनी विद्यार्थी लुटुपुटूचं कोर्ट भरवत. कोणी न्यायाधीश, कोणी वकील, कोणी साक्षीदार. नरोत्तमभाईंचे उच्चार कोणाला नीट कळत नसत. म्हणून पहिल्या वेळी त्यांना आरोपी केलं, कारण आरोपीला फारसं बोलायचं नसतं. दुसऱ्या वेळीही आरोपी. मग तशी रीतच पडली. तीन वर्षं हा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. मेंढ्या चोरल्या, गवताच्या गंज्या जाळल्या, खोटं मृत्युपत्र केलं.

"आणि दोनदा फाशी झाली," ते म्हणाले.

मी खो खो हसलो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तिथं उभं राहिलं की एक कळतं. सगळे आपल्याबद्दल बोलत असतात, आपल्याशी कोणी बोलत नाही. आणि न्यायाधीश काय म्हणतो ते तिथून नीट ऐकूच येत नाही."

दुसऱ्या हिवाळ्यात आई गेल्याचं पत्र आलं. ती जाऊन तेव्हा महिना होऊन गेला होता. त्यांनी कोळशाच्या दुकानामागच्या नळावर अंघोळ केली आणि संध्याकाळी लुटुपुटूच्या कोर्टात जाऊन उभे राहिले, कारण त्या दिवशी त्यांच्यावर खटला होता आणि आरोपीशिवाय मुलांचं अडलं असतं. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. मी चहा मागवला.

परत आल्यावर त्यांनी सनदेसाठी मुंबईला अर्ज केला. उत्तर आलं, ही पदवी आमच्या यादीत नाही, बॅरिस्टर असाल तर तसं प्रमाणपत्र पाठवा. तोपर्यंत वडिलांनी बैलगाडीच्या मागच्या फळीवर रंगानं 'बॅरिस्टर' असं लिहून घेतलं होतं. नरोत्तमभाईंनी ते पत्र पेटीत तळाशी ठेवलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली. खोटं ते एकदाही बोलले नाहीत. कोणी बालिस्टर म्हणून हाक मारली की ओ देत नसत. मान थोडी खाली घालत. लोकांना तो विनय वाटे.

वडिलांना ते आबा म्हणत. म्हातारा ताठ, पांढरा फेटा, मिशा पिळलेल्या. बाजाराच्या दिवशी टपरीवर येऊन बसला की चार लोकांना ऐकू जाईल असं विचारायचा, "मन्हा बालिस्टर कथा शे?" म्हणजे माझा बॅरिस्टर कुठं आहे?

आणि नरोत्तमभाईंचं काम काय, तर कागद वाचणं. समन्स, नोटीस, जप्ती, जंगलखात्याचा दंडाचा कागद. लोक म्हणत, "बालिस्टर, हाऊ कागद देखा, काय लिखेल शे?" ते वाचत, अहिराणीत समजावून सांगत. पण त्याआधी माणसाला विचारत, काय झालं? तो सांगे. त्याचं संपलं की हे म्हणत, "आखो?" म्हणजे आणखी? तो पुन्हा काही सांगे. पुन्हा "आखो?" तिसऱ्या 'आखो'ला खरी गोष्ट बाहेर यायची. विलायतेतल्या एका अर्धवट बहिऱ्या प्राध्यापकाची ती सवय त्यांनी उचलली होती. मी खिडकीत बसून हे बघत असे आणि आतमध्ये आमचे साहेब एका प्रश्नात साक्षीदार निकालात काढत असत. हळूहळू माझं हसणं थांबलं. दुपारच्या सुट्टीत मी टपरीवर जाऊन बसू लागलो.

डोंगरातले लोकही त्यांच्याकडे येत. सातपुड्यातून कापूस वेचायला कोरीटला उतरणाऱ्या पावरा मजुरांत ते लहानपणापासून वाढलेले, त्यामुळे पावरी बोली त्यांना येत होती. त्या सबंध कोर्टात ती बोली समजणारा दुसरा माणूस म्हणजे आमचा दुभाष्या, आणि त्याला ती जेमतेम येत होती.

असाच एका हिवाळ्यात वेस्ताचा खटला आला.

धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावर जमिनीच्या बांधावरून दोन घरांत मारामारी झाली होती. कुऱ्हाडीचा दांडा एकाच्या डोक्यात बसला आणि तो तिसऱ्या दिवशी मेला. पाच महिन्यांनी जंगलखात्याच्या शिपायाकडून पोलिसांना कळलं. पोलीस पाड्यावर गेले, विचारलं, कोणी मारलं? वेस्ता पावरा नावाचा चाळिशीचा माणूस पुढं आला आणि म्हणाला, मी. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, दुभाष्यानं सांगितलं, वेस्तानं पुन्हा शांतपणे हो म्हटलं, आणि मी तो कबुलीजबाब माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून काढला. पंधरा मिनिटांचं काम. वेस्ताच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. परत परत तेच का विचारताय, एवढाच भाव होता.

त्याची आई, जमनीबाई, डोंगर उतरून आली आणि कडुनिंबाखाली बसून राहिली. नरोत्तमभाई तिच्यासमोर जमिनीवर बसले. सगळी दुपार त्यांचं 'आणखी?' चाललेलं मी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, त्यानं मारलेलं नाही."

मारलं होतं धाकट्या भावानं, दित्यानं. माणूस मेल्यावर पाड्यावर पंच बसले. त्या लोकांत रीत अशी की घरातल्या कोणाच्याही हातून गुन्हा झाला तरी पंचांपुढं घरातल्या मोठ्यानं उभं राहून तो आपल्या अंगावर घ्यायचा. वेस्ता उभा राहिला, मी केलं म्हणाला. घरानं बैल दिला, बकऱ्या दिल्या. मग ज्यांचं माणूस गेलं त्या घरच्या म्हाताऱ्यानं आपल्या हातानं मोहाच्या दारूचा द्रोण वेस्ताला दिला आणि तो प्यायला. तो द्रोण प्यायला की झालं. त्यानंतर त्या गोष्टीबद्दल कोणी बोलायचं नाही.

"आपल्याकडे कबुली दिली की खटला उभा राहतो," नरोत्तमभाई म्हणाले. "त्यांच्याकडे तिथंच मिटतो. पोलिसांनी विचारलं तेव्हा तो पंचांना दिलं तेच उत्तर देत होता. त्याला वाटतं सरकारही पंचच आहे, एकदा हो म्हटलं की घरी सोडतील."

"मग दित्याचं नाव सांगायचं?"

"नाही. कोणी मारलं ते सरकारनं शोधावं. हा जबाब म्हणजे कबुली नव्हे, एवढंच कोणीतरी उठून सांगायला पाहिजे."

ते दोन वकिलांकडे गेले. एक म्हणाला, आरोपी स्वतःच कबूल झालाय, मी काय करू? दुसरा म्हणाला, पुढं जिल्ह्याला सरकार वकील देईल, तो बघेल. राहता राहिले हे. सनद नसलेल्या माणसालाही साहेबांच्या परवानगीनं आरोपीतर्फे बोलता येईल अशी एक अडगळीतली वाट तेव्हा कायद्यात होती. नरोत्तमभाईंनी ती शोधून काढली. पण परवानगीचा अर्ज द्यायचा तर आपण कोण हे त्यात लिहायला हवं. तीन दिवस ते लिहीत होते. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी तो अर्ज मला दाखवला, फक्त कोर्ट-फीचं तिकीट बरोबर लावलंय का ते बघायला.

पहिलंच वाक्य होतं : मी वकील नाही आणि बॅरिस्टरही नाही.

"हा उघड्या कोर्टात वाचला जाईल," मी म्हणालो. "मलाच वाचावा लागेल."

"ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि अर्ज घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

अकरा वाजता कोर्ट भरलं आणि बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. दोन गाड्या भरून कोरीटचे लोक आले होते. धुतलेले फेटे, नवे जोडे. पुढं आबा. बालिस्टर आज कोर्टात बोलणार ही बातमी कशी पोचली कोण जाणे. टपरीवर बसून तीन दिवस लिहिलेली गोष्ट कुठं लपते? सगळे मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले. आबा मधोमध, काठीवर दोन्ही हात ठेवून.

नरोत्तमभाई दाराजवळ उभे होते. त्यांनी मागं वळून पाहिलं. तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

वेस्ताला आणलं. साहेबांनी विचारलं, "आरोपीतर्फे कोणी आहे?"

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात कोटाच्या आत गेला होता. मी मनात म्हणत होतो, उठा, द्या इकडं तो कागद, मी हळू आवाजात वाचतो. साहेबांनी पुन्हा विचारलं. जमनीबाई दाराबाहेर उकिडवी बसली होती, ती नरोत्तमभाईंकडेच बघत होती. तिला वाटत होतं की आता हा बोलेल. त्यांचा हात कोटातून रिकामाच बाहेर आला.

मी लिहिलं, 'आरोपीतर्फे कोणी हजर नाही.' साहेबांनी वेस्ताला पुन्हा विचारलं आणि तो पुन्हा हो म्हणाला. त्याला खुनासाठी जिल्ह्याच्या कोर्टात पाठवण्याचा हुकूम झाला.

मला त्या दिवशी त्यांची चीड आली होती. एक माणूस जन्माचा जातोय आणि यांना गाडीच्या फळीवरच्या अक्षरांची पडलीय! आठ दिवस मी टपरीवर गेलो नाही. पण माझ्या घरी कोणी फळीवर माझं नाव रंगवलं नव्हतं, त्यामुळे मला चिडणं सोपं होतं.

जिल्ह्याच्या कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा दप्तर घेऊन मीच गेलो होतो. सरकारनं दिलेल्या वकिलानं सांगण्यासारखं काही नाही म्हटलं, आणि तिथं नरोत्तमभाई उठले. अर्ज दिला, तो मोठ्यानं वाचला गेला. परवानगी मिळाली. वीस मिनिटं ते बोलले, संथ, अडखळत नाही, आवाज चढवत नाही. पाड्यावरची रीत, पंच, घरातला मोठा, द्रोण, सगळं. इतकं स्वच्छ बोलणं मी माझ्या सगळ्या नोकरीत ऐकलं नाही. न्यायाधीशांनीही लेखणी खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "हे खालच्या कोर्टात का सांगितलं नाही?"

नरोत्तमभाईंनी मान थोडी खाली घातली.

न्यायाधीशांनी वेस्तालाच विचारलं. इतका मोठा साहेब स्वतः विचारतोय म्हणून वेस्ता ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "हो, मी. घरात मोठा मी आहे." सरकारी वकिलानं खालच्या कोर्टातले दोन्ही जबाब पुढं ठेवले. दोन्ही माझ्या अक्षरातले. जन्मठेप झाली. वेस्ताला नेताना त्यानं नरोत्तमभाईंना काहीतरी विचारलं. मी विचारलं, काय म्हणाला? ते म्हणाले, "नांगरणीच्या आत सोडतील का, म्हणत होता."

आम्ही एसटीनं परतलो. नंदुरबारला उतरल्यावर माझा दंड धरून म्हणाले, "तुम्ही चला कोरीटला. एकटा गेलो तर पुन्हा उद्यावर टाकीन."

आबा ओट्यावर बसून दोर वळत होते. नरोत्तमभाई त्यांच्यासमोर उभे राहिले आणि अहिराणीत सरळ सांगून टाकलं, "आबा, मी बालिस्टर नही शे. कव्हयच नव्हतू."

म्हाताऱ्याचे हात थांबले नाहीत. दोराला दोन पीळ आणखी देऊन तो म्हणाला, "माले मालूम व्हतं."

"कव्हयपाईन?"

"मुंबईनं पत्र उनथं तव्हयपाईन. तू शहादाले गयथा. मास्तरनी वाची दाखाडं. मी परत चिकटाडीसन ठी दिन्हं." म्हणजे मुंबईचं पत्र आलं त्याच दिवशी म्हाताऱ्यानं ते मास्तरांकडून वाचून घेतलं होतं आणि पुन्हा चिकटवून ठेवलं होतं.

"मंग तुम्ही बोलनात का नही?"

"मी काय बोलू? तोंड तुन्हं शे. तू सांगशी म्हनीसन वाट देखी ऱ्हायंतू." मग त्यानं दोर खाली ठेवला. "त्या दिन एवढा गाव गाडामा भरीसन कोर्टमा कसाले लयी उनथू मी? कोर्टमा उभा ऱ्हायना म्हंजे तुले खरं सांगनं पडी. सर्वा आयकी लेतीन, एकदाव सुटी जाशी. म्हनीसन लयी उनथू. तू त बोलनाच नही रे पोऱ्या."

मी मान वळवून विहिरीकडे बघत राहिलो. नरोत्तमभाई जिथं उभे होते तिथंच खाली बसले. ज्या माणसाच्या भीतीनं ते गप्प बसले होते, तोच, सगळ्यांसमोर कोर्टात खरं बोलावं लागून मुलगा एकदाचा सुटावा म्हणून, गाड्या जुंपून आला होता. असलं काही ऐकण्यापेक्षा म्हाताऱ्यानं चार काठ्या हाणल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

त्यानंतर त्यांनी गावात प्रत्येकाला सांगितलं. काही फरक पडला नाही. लोक हो हो म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बालिस्टर म्हणूनच हाक मारत. त्यांनी वरच्या कोर्टात अपील करवलं, मुंबईच्या वकिलाला पत्रांवर पत्रं लिहिली. अपील फेटाळलं गेलं. टपरीवरचं काम चालूच होतं, पण 'आखो?' म्हणणं बंद झालं. माणूस एकदा जे सांगे तेवढंच ते ऐकत आणि कागद वाचून देत.

तीन वर्षांनी आबा वारले. त्यांचे दिवस झाल्यावर नरोत्तमभाई माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मी पाड्यावर जातोय. पंचांपुढं उभं राहायचंय. याल?" माझं तिथं काय काम, असं म्हणता आलं असतं. पण वेस्ताचा जबाब माझ्या हातचा होता. मी रजा टाकली.

शहाद्याहून लाकडाच्या ट्रकनं धडगावला गेलो, तिथून पुढं दुसऱ्या ट्रकनं, मग पायी. पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अंगणात पाच म्हातारे पंच बसले. आणखीही माणसं जमली. दित्या माझ्याशेजारी बसून मोडक्यातोडक्या मराठीत मला सांगत होता. जमनीबाई दारात होती, फार वाकलेली.

नरोत्तमभाई उभे राहिले. पावरी बोलीत म्हणाले, "त्या दिवशी मला बोलता येत होतं. मी बोललो नाही. माझ्या घराची लाज वाटली. चूक माझी आहे, आणि माझ्या घरात आता मोठा मीच आहे."

पंच आपसात थोडं बोलले. फार वेळ लागला नाही. एक बकरी द्यावी असं ठरलं. ती दित्यानं नरोत्तमभाईंच्या सांगण्यावरून आधीच आणून बांधली होती. मग सगळ्यांनी जमनीबाईकडे पाहिलं, कारण ज्या घराचं नुकसान झालं त्या घरानंच द्रोण द्यायचा. म्हातारी मडकं घेऊन बाहेर आली. पळसाच्या पानांचा द्रोण भरला आणि तो नरोत्तमभाईंच्या ओंजळीत ठेवला. मी त्यांच्याकडे बघत होतो. किती वर्षांनी त्या माणसाच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरलेला दिसला, आणि मला खरोखर बरं वाटलं.

ते द्रोण ओठाशी नेणार तेवढ्यात तिनं काहीतरी विचारलं.

दित्या मला म्हणाला, "आई विचारते, आता सगळे बोलले. मग वेस्ता कधी येतो?"

पंचही त्यांच्याकडे बघू लागले. त्यांना हा प्रश्न अगदी साधा वाटत होता. ज्याचं बोलायचं राहिलं होतं तो शेवटचा माणूसही बोलला, द्रोण भरला, आता सरकार पोराला कशाला ठेवील? मी कोर्टाचा माणूस, पण मी मनातल्या मनात हात जोडले. प्या आधी. पिऊन टाका. नाहीतर म्हणा येईल लवकर, तिचे राहिलेत किती दिवस!

नरोत्तमभाईंनी द्रोण खाली आणला. म्हणाले, "तो येणार नाही. सरकारचं असं मिटत नाही."

तिला वाटलं, या परक्या माणसाची बोली चुकली असेल. तिनं पुन्हा विचारलं, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून.

ते पुन्हा म्हणाले, "येणार नाही."

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात पुढं करून त्यांच्या ओंजळीतून द्रोण उचलला. हिसकावला नाही. सांडू नये म्हणून जपून धरला, मडक्यात परत ओतला, मडकं काखेला लावलं आणि घरात गेली. पंच एक एक करून उठले. दित्यानं बकरीचं दावं सोडलं आणि ते माझ्या हातात दिलं, कारण ती आता त्यांनी ठेवून घ्यायची नव्हती.

खाली रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजत होता. दुसरा ट्रक दोन दिवस मिळणार नव्हता. मी म्हणालो, "नरोत्तमभाई, चला."

"तुम्ही व्हा पुढं, भाऊसाहेब."

मी बकरी घेऊन निघालो. त्याच महिन्यात माझी बदली झाली आणि पुन्हा आमची गाठ पडली नाही. उताराच्या वळणावरून मी मागं पाहिलं. अंगणात ते एकटेच उभे होते, ओंजळ अजून तशीच पुढं. त्यांना कोणी बसा म्हणत नव्हतं आणि जा असंही म्हणत नव्हतं.